रस्त्यात कोणी अडवलं, हिसकावलं तर: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ताच प्रसंग घडला असेल तर आधी ११२ लावा आणि थेट प्रश्न १४ वर जा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

१. सोनसाखळी चोर नेमके येतात तरी कसे? आधी काही कळतं का?

बहुतेक वेळा मोटारसायकलवर दोघं असतात. एक चालवतो, मागचा हात घालतो. पाहणी आधीच झालेली असते. गाडी एकदा तुमच्या जवळून हळू जाते, पुढे वळते आणि दुसऱ्या फेरीत मागून येते. म्हणून तीच गाडी दोनदा दिसली, मागचा सारखा तुमच्या गळ्याकडे किंवा हाताकडे पाहतोय, नंबर प्लेट वाकवलेली किंवा चिखलाने माखलेली आहे, यातलं काहीही दिसलं तर जवळच्या दुकानात किंवा सोसायटीच्या गेटच्या आत शिरा. पत्ता विचारायला थांबलेली गाडी हा दुसरा प्रकार. उत्तर द्या, पण दोन हातांचं अंतर ठेवून. हँडलपाशी वाकून मोबाईलवरचा नकाशा बघायला जाऊ नका.

२. रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचं? पर्स कोणत्या खांद्यावर?

फुटपाथ असेल तर फुटपाथवरून, भिंतीच्या बाजूने. नसेल तर उजव्या कडेने, म्हणजे वाहनं समोरून येताना दिसतील अशा बेताने चाला. मागून येणाऱ्याला तुमच्यापर्यंत पोचायला मग उलट्या दिशेने यावं लागतं. घोडबंदर रोडचे सर्व्हिस रोड आणि पाम बीचच्या कडेचे रस्ते यांना हे विशेष लागू आहे. पर्स भिंतीकडच्या खांद्यावर घ्या.

पट्टा छातीवरून आडवा घ्यावा का, हेही पुष्कळजण विचारतात. आडवा पट्टा सहज निघत नाही, हे खरं. पण गाडीवरून खेचलं तर पर्सबरोबर माणूसही फरफटतो. त्यामुळे गर्दीत, बाजारात, लोकलमध्ये आडवा पट्टा चांगला. रिकाम्या रस्त्यावर तो एकाच खांद्यावर ठेवलेला बरा, म्हणजे वेळ आली तर सुटेल. मनगटाला गुंडाळून तर कधीच नको.

३. आई पहाटे उपवनला फिरायला जाते. मंगळसूत्र काढून ठेवायला तयार नाही. काय करू?

वाद घालू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही. फिरायला जाताना काळ्या मण्यांची साधी पोत किंवा एक ग्रॅमचं मंगळसूत्र घालायला सांगा. सोन्याचंच हवं असेल तर गळाबंद ड्रेस किंवा वर नीट पिन केलेली ओढणी. साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला तरी पुष्कळ फरक पडतो. जाड साखळी तुटत नाही म्हणून ती सुरक्षित, हा गैरसमज आहे. बारीक साखळी झटक्यात तुटते आणि सोनं जातं. जाड साखळी तुटत नाही आणि बाई पडते. वयस्क माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर ते दोन तोळ्यांपेक्षा महागात जातं.

वेळही बघा. अंधारात एकटीने जाण्यापेक्षा उजाडल्यावर, चार ओळखीच्या बायकांबरोबर.

४. मोबाईल हिसकावणं टाळायला काय करावं?

चालता चालता रस्त्याकडच्या कानाला फोन लावू नका. बोलायचंच असेल तर थांबा, भिंतीला पाठ लावा, बोला. रिक्षाची डावी बाजू उघडी असते, तिथे बसून सिग्नलला रील बघणाऱ्याच्या हातून फोन काढणं फार सोपं. तीन हात नाका किंवा वाशीच्या चौकात रिक्षा थांबली की फोन मांडीवर पालथा ठेवा, नाहीतर उजवीकडे सरका.

फोनच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी आज करून ठेवा. सिमला पिन लावा, म्हणजे चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी ते चालणार नाही (कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या, तीनदा चुकला तर पीयूके, म्हणजे कंपनीकडचा सिम उघडण्याचा कोड, मागतो). अँड्रॉइडवर ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’, आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू करा. आणि *#०६# दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. फोनमध्येच लिहिलात तर उपयोग शून्य.

५. लोकलच्या दारात उभं राहिलं की हातावर फटका मारतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. पोलीस आणि प्रवासी दोघंही अशा चोरांना ‘फटका टोळी’च म्हणतात. गाडीचा वेग कमी होतो तिथे रुळाशेजारी किंवा खांबावर उभा असलेला माणूस काठीने हातावर मारतो, फोन खाली पडतो, तो उचलून पळतो. कळवा-मुंब्रा पट्ट्यात अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. फोन जाणं हे त्यातलं किरकोळ नुकसान. फटक्याने दांडीवरचा हात सुटून लोक रुळावर पडलेले आहेत, हातपाय आणि जीव गमावलेले आहेत.

दारात फोन काढायचाच नाही, एवढाच उपाय. फोन पडला तर उडी मारू नका, वाकून बघू नका. रुळाशेजारच्या खांबावर किलोमीटर आणि खांब क्रमांक लिहिलेला असतो. तो दिसला तर लक्षात ठेवा, पुढच्या स्टेशनला उतरा आणि लोहमार्ग पोलिसांकडे जा. मदतीसाठी १५१२ (लोहमार्ग पोलीस) किंवा १३९ (रेल्वे).

६. “पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा” असं साध्या वेशातल्या पोलिसाने सांगितलं तर?

तो पोलीस नाही. खरा पोलीस कोणाला रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही, ते बांधूनही देत नाही. हे तोतया सहसा दोघं-तिघं असतात. त्यातला एक वाटसरू बनून आधी आपली अंगठी काढून देतो, म्हणजे तुमचा विश्वास बसावा. पुडी परत मिळते तेव्हा आत खडे निघतात. “शेठला मुलगा झालाय, साड्या वाटतोय, गरीब दिसायला दागिने काढा” ही त्याचीच बहीण. पोलिसांच्या भाषेत ही बोलबच्चन टोळी.

घरातल्या ज्येष्ठांना एकच वाक्य पाठ करून द्या: “चला, पोलीस ठाण्यात जाऊन काढते.” पुढचं संभाषण आपोआप संपतं.

७. रात्री कोणीतरी मागे येतंय असं वाटतंय. खात्री कशी करू?

रस्ता ओलांडा. तोही ओलांडला तर पुन्हा ओलांडा. दुसऱ्यांदाही तो मागे आला तर योगायोग समजू नका. घरी जाऊ नका, कारण घर दाखवल्यासारखं होतं आणि लिफ्ट-जिन्यात तुम्ही एकटे सापडता. मेडिकलचं दुकान, पेट्रोल पंप, रिक्षा स्टँड, दुसऱ्या सोसायटीच्या वॉचमनची केबिन यांपैकी जवळचं गाठा. वळून त्याच्याकडे एकदा सरळ बघा आणि मोठ्याने विचारा, “काय काम आहे?” चोराला बेसावध माणूस हवा असतो. आपला चेहरा पाहिलाय हे कळलं की अनेकजण वाट बदलतात.

८. समोर चाकू धरला. लढायचं की द्यायचं?

द्यायचं. चाकू हातात असलेल्याशी हाताने झुंजण्याचं कोणतंही भरवशाचं तंत्र नाही. शिकवणारेही खाजगीत हेच सांगतात. हातभर अंतरावरून वार व्हायला सेकंदही लागत नाही.

देण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. हात छातीच्या उंचीवर, पंजे उघडे. काय करताय ते आधी बोला: “पाकीट मागच्या खिशात आहे, काढतो.” अचानक खिशात हात घातला की समोरचा घाबरून वार करतो. पाकीट त्याच्या हातात देण्यापेक्षा त्याच्या बाजूला, चार-पाच हातांवर टाका आणि तो तिकडे वळला की उलट्या दिशेने पळा. त्याला पाकीट हवं असेल तर तो तिकडे जाईल. पाकीट सोडून तुमच्या मागे आला तर मामला वेगळा आहे, मग प्रश्न १० लागू.

गाडीत किंवा आडोशाला चल म्हणाला तर जाऊ नका. इथे आमचा सल्ला उलटा होतो: वस्तू द्या, पण जागा सोडू नका. तिथेच ओरडा, बसकण मारा, पळा.

९. पर्स किंवा चेन धरलीच तर सोडून द्यायची का?

गाडीवरचा असेल तर ताबडतोब सोडा. पायी असेल, एकटा असेल, हातात काही नसेल आणि आजूबाजूला माणसं असतील, तरच एक झटका देऊन बघा. दुसरा नाही. खेचाखेचीत त्याचा साथीदार कुठे आहे ते तुम्हाला दिसत नसतं.

१०. अंगावर आलाच, सुटायला वाव नाही. मारायचं कुठे?

इथे उद्देश जिंकणं नसून दोन-तीन सेकंद मोकळे मिळवणं आहे. मनगट धरलं असेल तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून झटक्यात काढा. चार बोटांपुढे जोर लावून उपयोग नाही, पकड अंगठ्याकडेच कच्ची असते. मागून कवळ घातली तर आधी गुडघे वाकवून खाली बसल्यासारखे व्हा, त्याने उचलणं अवघड होतं. मग टाचेने त्याच्या पावलावर आणि नडगीवर जोरात, आणि डोकं मागे आपटा. गळा धरला असेल तर पहिली गोष्ट हनुवटी छातीकडे दाबणं.

समोरून मारताना मूठ वापरू नका. सवय नसलेल्याने मूठ मारली की करंगळीकडचं हाड मोडतं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग खालून नाकावर, कोपर तोंडावर, गुडघा जांघेत, लाथ गुडघ्याच्या खाली. एक फटका मारून परिणाम बघत उभं राहणं ही नेहमीची चूक. सलग दोन-तीन मारा आणि पळा.

तोंडही चालू ठेवा. नुसतं “वाचवा” ओरडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. एकाकडे बोट दाखवून म्हणा, “अहो निळा शर्ट, ११२ लावा!” आणि हे सगळं वाचून येत नाही. दर आठवड्याला अर्धा तास कोणाबरोबर तरी सराव केला तरच वेळेवर हात चालतो.

११. पेपर स्प्रे बाळगायला परवाना लागतो का? काम करतो का?

परवाना लागत नाही. काम करतो, पण पर्सच्या तळाशी असेल तर नाही. निर्मनुष्य भागात तो आधीच हातात असावा, अंगठा झाकणावर. सहा-सात फुटांवरून, चेहऱ्यावर, एकेक सेकंदाचे दोन फवारे. फवारताना एका बाजूला सरका, कारण डोळे मिटले तरी तो सरळ रेषेत पुढे येऊ शकतो. परिणामाला क्षणभर लागतो, त्यामुळे फवारून लगेच पळा.

वाऱ्याचं भान हवं. पाम बीच, वाशीचा मिनी सीशोर, खाडीपूल इथे पावसाळी वाऱ्यात फवारा उलटून तुमच्याच डोळ्यांत जातो. वारा पाठीमागे नसेल तर वापरू नका. लोकलचा डबा, लिफ्ट, रिक्षा या बंद जागाही वर्ज्य. डब्यावरची मुदत तपासा, जुन्या डब्यातला दाब गेलेला असतो. स्वतःच्या डोळ्यांत गेलं तर चोळू नका, १५ मिनिटं गार वाहत्या पाण्याने धुवा. तेल, तूप, दूध काही नको.

आणि हे भांडण जिंकायचं साधन नाही. जिवाला धोका नसताना खाजगी वादात स्प्रे मारणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नकार दिला होता.

१२. मग छोटा चाकू किंवा फोल्डिंग दांडा ठेवला तर?

ठेवू नका. ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रं, काठ्या, सोटे बाळगायला बंदी असते आणि तुम्ही ते वाचलेले नसता. शिवाय सवय नसलेल्याच्या हातातला चाकू पहिल्या झटापटीत समोरच्याच्या हातात जातो. शिट्टी ठेवा. मोठ्या आवाजाची, किल्ल्यांच्या जुडग्याला.

१३. मी मारलं आणि चोर जखमी झाला, तर गुन्हा माझ्यावर?

स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं व मालमत्तेचं रक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मर्यादा दोन: गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि धोका संपला की हक्कही संपतो. हिसकावून पळणाऱ्याला तिथल्या तिथे पाडून पर्स परत घेणं यात बसतं. पडलेल्याला, शरण आलेल्याला आणखी चार लाथा घालणं बसत नाही.

लोकांनी चोर पकडला तर? हिसकावण्याचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने, तो डोळ्यांदेखत घडला असेल तर सामान्य माणूसही त्याला पकडू शकतो. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि न्यायालयांच्या कामकाजाचा कायदा) कलम ४० प्रमाणे जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यावंच लागतं. खांबाला बांधून धुलाई केली तर नंतर फिर्यादीचेच आरोपी होतात.

१४. फोन गेला. पहिल्या १५ मिनिटांत काय?

क्रम चुकतो तो इथे. घाईत लोक आधी सिम बंद करतात, मग फोनचं इंटरनेट जातं आणि दुरून लॉक करता येत नाही. म्हणून:

पहिलं, कोणाच्या तरी फोनवरून ‘फाइंड हब’ (अँड्रॉइड) किंवा ‘फाइंड माय’ (आयफोन) उघडून फोन लॉक करा. दोन मिनिटांत जमलं नाही तर सोडून पुढे जा. दुसरं, मोबाईल कंपनीला सांगून सिम बंद. तिसरं, बँकेच्या हेल्पलाइनवर यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड बंद. पैसे गेलेच असतील तर १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन). चौथं, पोलीस तक्रार. पाचवं, नवं सिम घेऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या सीईआयआर (चोरीचा फोन बंद पाडणाऱ्या) सेवेवर तक्रारीची प्रत जोडून आयएमईआय ब्लॉक. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, त्यामुळे ओटीपी मिळाला नाही म्हणून गोंधळू नका.

नकाशावर फोन दिसला तरी स्वतः तिथे जाऊ नका, ठिकाण पोलिसांना द्या. आणि काही दिवसांनी “तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा” असा मेसेज आला तर तो चोराचाच समजा.

१५. चेन खेचताना पडले. फक्त खरचटलंय. डॉक्टर लागेल?

गळ्याला ओरखडा आणि नुसतं खरचटणं असेल तर धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. पण आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, उलटी, झोपाळलेपण, डोकं आपटल्यानंतर काही वेळाचं न आठवणं, यातलं एकही असेल तर त्याच रात्री रुग्णालयात जा (१०८). ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. “चोरीच्या वेळी झालेली जखम” असं सांगून एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद, करून घ्या. ती का लागते ते प्रश्न १७ मध्ये.

१६. ऐरोली पुलावर घडलं. मुलुंडचे म्हणतात नवी मुंबईला जा, ते म्हणतात मुलुंडला. तक्रार कुठे द्यायची?

कुठेही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, पोलीस ठाण्याने शून्य क्रमांकाने एफआयआर घेऊन पुढे पाठवायचा असतो. तरी हद्द माहीत असली की वेळ वाचतो. कळवा, विटावा ठाणे पोलिसांकडे. दिघा, ऐरोली नवी मुंबईकडे. कल्याण, डोंबिवली, भिवंडीही ठाणे आयुक्तालयात येतात. मीरा-भाईंदरचं आयुक्तालय वेगळं. गाडीत किंवा फलाटावर घडलं तर लोहमार्ग पोलीस. गणवेश सारखे दिसले तरी आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) वेगळं, गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात.

१७. पोलीस ठाण्यात “गहाळ” म्हणून लिहून दिलं. चालेल का?

नाही. गहाळ म्हणजे तुमच्याकडून हरवलं. त्यावर चोराचा तपास होत नाही. सिम मिळतं, चोर मिळत नाही. फिर्यादीत “हातातून हिसकावला” हे शब्द हवेत. हिसकावण्याला न्याय संहितेचं कलम ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. धाक, अडवणूक किंवा इजा असेल तर ती जबरी चोरी, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. इजा केली असेल तर जन्मठेपेपर्यंत, आणि एमएलसी नोंद हा त्या इजेचा पुरावा. म्हणून ढकललं, चाकू दाखवला, गळ्याला लागलं हे जसं घडलं तसं सगळं सांगा. वाढवून मात्र काही नको, उलटतपासणीत तेच अंगाशी येतं.

सही करण्याआधी वाचा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवून घेत नसतील तर लेखी तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते.

त्याच दिवशी आणखी एक काम: शेजारच्या सोसायटी आणि दुकानांना फुटेज राखून ठेवण्याचं पत्र द्या. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं.

१८. चाकूच्या धाकाने यूपीआयने पैसे पाठवायला लावले. पिन उलटा टाकला की पोलीस येतात ना?

नाही, ती अफवा आहे. एटीएमलाही नाही. पैसे पाठवा, सुटा, मग १९३० आणि ११२. ज्या खात्यात पैसे गेले तो दुवा पोलिसांना उपयोगी पडतो. फोनशी जोडलेल्या खात्यात थोडीच रक्कम ठेवणं आणि यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून ठेवणं, हे आजच करता येतं.

१९. चोर सापडला, चेनही सापडली. हातात कधी मिळेल?

मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे न्यायालयाने १४ दिवसांत वस्तूचं वर्णन नोंदवायचं, फोटो घ्यायचे आणि त्यापुढे ३० दिवसांत आदेश द्यायचा. दागिने पोलीस ठाण्यात उगाच पडून राहू नयेत, बंधपत्र घेऊन परत द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्ज मात्र तुम्ही करायचा, कोणी बोलावत नाही.

अडचण येते ती ओळखीची. सोनं पुष्कळदा वितळवलेल्या लगडीच्या रूपात सापडतं. तेव्हा तुमच्या पावतीवरचं वजन आणि शुद्धता हाच आधार. दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) असेल तर त्याचा जवळून फोटो काढून पावतीबरोबर ठेवा. पावती हरवली असेल तर सराफाच्या वहीतली नोंद आणि लग्नातले फोटो जोडा.

२०. तपासाचं काय झालं हे विचारायला गेलं की “सुरू आहे” एवढंच सांगतात.

९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. एफआयआर क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव घालून लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याला तोंडीच उत्तर मिळतं.